अबॅकस क्लासचा दीड वर्षाचा अनुभव: हिशोब पक्का झाला, पण रिझनिंगचं काय?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर जूनमध्ये आणि दर दिवाळीत एकच प्रश्न येतो, अबॅकसला घालावं का, आणि मी दर वेळी दोन ओळी टाइप करून सोडून देते कारण खरं उत्तर दोन ओळींत मावत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतेय, आता कोणी विचारलं की हेच पाठवेन. लेक तिसरीत गेली त्या जूनमध्ये तिला घातलं, आता चौथीची दिवाळीची सुट्टी लागलीये, पाच लेव्हल झाल्या, सहावी चालू आहे. क्लासचं नाव देत नाही, कारण मला जे खटकलंय ते एका क्लासपुरतं नाहीये. डोंबिवलीत मी चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा चारही पत्रकांवर जवळजवळ तीच वाक्यं होती: एकाग्रता वाढते, वर्किंग मेमरी (काम करता करता गोष्टी डोक्यात धरून ठेवायची क्षमता) वाढते, त्यामुळे रिझनिंग (तर्क करणं) सुधारतं, स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीला फायदा होतो.

आधी साध्या गोष्टी सांगते. एक लेव्हल तीन महिन्यांची, फी ३,६०० रुपये, सुरुवातीला किटचे हजार वेगळे, त्यात पाटी म्हणजे तो मण्यांचा अबॅकस, दोन पुस्तकं आणि एक बॅग येते. बॅग सहा महिन्यांत फाटली, पाटी मात्र मजबूत आहे, दोनदा जिन्यावरून पडली तरी मणी जागच्या जागी. आठवड्यातून एकदा दोन तास, बॅचमध्ये बारा मुलं, एक मॅडम. रोज घरी दोन पानं करायची असतात, त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ही रोजची पानं झाली नाहीत तर क्लासचा काही उपयोग नाही हे आधीच सांगते, कारण दोन तासांत फक्त नवीन रीत शिकवतात, हात बसतो तो घरीच. ज्यांच्या घरी संध्याकाळी कोणी बसणारं नाही त्यांनी याचा नीट विचार करावा. मॅडम खरंच चांगल्या आहेत, आवाज चढवत नाहीत, चुकलेलं गणित मुलाकडूनच परत करून घेतात, स्वतः करून देत नाहीत, आणि कोणाचं दुसऱ्याआधी झालं म्हणून मोठ्याने कौतुक करत बसत नाहीत. एवढ्यासाठीच मी इथल्या शिकवण्याला चार स्टार देईन.

शिकवतात काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जपानी पद्धतीची पाटी असते, प्रत्येक दांड्यावर आडव्या पट्टीच्या वर एक मणी, त्याची किंमत ५, आणि खाली चार मणी, एकेकाची किंमत १. उजवीकडचा दांडा एकक, मग दशक, शतक. ४ मध्ये ३ मिळवायचे तर खाली तीन मणी शिल्लकच नाहीत, मग वरचा ५ चा मणी खाली घ्यायचा आणि २ काढून टाकायचे, याला क्लासमध्ये स्मॉल फ्रेंड म्हणतात, म्हणजे ३ चा स्मॉल फ्रेंड २. तसंच ७ मध्ये ८ मिळवायचे तर ८ चा बिग फ्रेंड २, म्हणून २ काढा आणि शेजारच्या दांड्यावर १ चढवा, झाले १५. पहिल्या दोन लेव्हल ह्यातच जातात. मग पाटी बाजूला ठेवायला लावतात आणि मुलं डोळ्यासमोर पाटी आणून हवेत बोटं हलवत गणित करतात, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं नाही सांगत. माझे बाबा शेजारी बसले होते, त्यांना पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत सगळं येतं, साडेतीन पटीचा पाढा आजही धडाधड म्हणतात, तेही नातीकडे बघत राहिले.

आता निकाल. हिशोबात फरक पडला, आणि चांगला पडला. तिसरीच्या सुरुवातीला हातच्याची बेरीज बोटांवर करणारी मुलगी आता तीन आकडी दहा संख्यांची बेरीज-वजाबाकी ऐकत ऐकत करते. भाजीवाल्याकडे माझ्या आधी तिचा हिशोब होतो. शाळेत गणिताची भीती गेली, आणि याची किंमत मी पैशात करू शकत नाही, कारण मी स्वतः ती भीती घेऊन दहावीपर्यंत गेलेय. त्यामुळे ज्यांना फक्त आकडेमोडीसाठी घालायचंय त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, घाला.

पण मी घातलं होतं दुसऱ्या कारणासाठी. मला वाटलं होतं की हिचं रिझनिंग सुधारेल. पत्रकात तसं लिहिलेलं आणि मी जरा वाचलंही होतं, की वर्किंग मेमरी आणि तर्क करायची क्षमता यांचा फार जवळचा संबंध आहे. आणि हे वाचलेलं खोटं नव्हतंच, गडबड वेगळ्याच ठिकाणी आहे, तिथपर्यंत पोचायला मला वर्ष लागलं.

झालं असं की या उन्हाळ्यात स्कॉलरशिपच्या तयारीचं पुस्तक आणलं आणि बुद्धिमत्ता चाचणीची गणितं घ्यायला लागले. त्यात रांगेचे प्रश्न असतात ना, तसा एक मी तोंडी घातला: पाच मुली रांगेत उभ्या आहेत, गीता मीनाच्या लगेच पुढे आहे, रमा मीनाच्या मागे पण सीमाच्या पुढे आहे, लता रमाच्या मागे आणि सीमाच्या लगेच पुढे आहे, तर मधोमध कोण? लेक डोळे मिटून बसली, बोटं हलवायला लागली जशी क्लासमध्ये हलवते, आणि म्हणाली मीना. परत सांगितलं, मग म्हणाली लता. तिसऱ्यांदा चिडली. मग मी कागद दिला, गी मी र ल सी असं तिने लिहिलं आणि दहा सेकंदांत रमा म्हणाली. म्हणजे तर्क तिला येतच होता! तीन वाक्यांतले संबंध एकाच वेळी डोक्यात धरून ठेवायचे आणि त्याच वेळी ते एकमेकांत बसवायचे, हे जमत नव्हतं. आणि ह्या धरून-ठेवता-ठेवता-काम-करण्यालाच वर्किंग मेमरी म्हणतात. नुसतं पाठ असणं वेगळं. फोन नंबर डायल होईपर्यंत घोळवत ठेवणं हा त्याचा अगदी सोपा भाग, तोच नंबर घोळवत असताना कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हटलं की खरी कसोटी.

मला हे ओट्यासारखं वाटतं. आमचा ओटा साडेपाच फुटी. त्यावर शेगडी, एक परात, एक पातेलं राहिलं की संपलं. माळ्यावर कितीही सामान असू दे, ते म्हणजे आपली कायमची आठवण, पण पुरणपोळी करायची तर जे लागतं ते सगळं त्या क्षणी ओट्यावरच यायला हवं. ओटा छोटा असेल तर स्वयंपाक येत नाही असं नाही होत, पण मध्येच पीठ उचलून खाली ठेवावं लागतं, मग पुरण वाटेपर्यंत पीठ कुठे ठेवलं ते विसरायला होतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये डोक्यातल्या या ओट्यावर ७ च्या मागेपुढे गोष्टी मावतात असं मांडलं ते बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, नंतर नेल्सन काउअन यांनी २००१ मध्ये दाखवलं की घोकण्याची आणि गठ्ठे बांधण्याची सोय काढून घेतली तर साधारण ४ च मावतात. चार! रांगेच्या त्या एका प्रश्नात किती तुकडे आहेत ते मोजून बघा.

तर्क आणि हा ओटा यांचा संबंध शास्त्रज्ञांनी मनापासून तपासलाय. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये लोकांना आकडे तोंडात घोळवत ठेवायला लावून त्याच वेळी छोटी तर्काची वाक्यं खरी की खोटी ते विचारलं, तर आकडे वाढले तसा उत्तराला वेळ जास्त लागला पण चुका मात्र फारशा वाढल्या नाहीत. मला हे वाचून खूप बरं वाटलं, कारण लेकीला वेळ लागतो तेव्हा आपण लगेच तिला समजत नाहीये असं धरून चालतो. मग १९९० मध्ये पॅट्रिक कायलोनेन आणि रेमंड क्रिस्टल यांनी अमेरिकन हवाई दलात नव्याने भरती झालेल्या दोन हजारांवर तरुणांच्या चाचण्या घेतल्या, चार वेगवेगळे अभ्यास, आणि वर्किंग मेमरी व रिझनिंग यांचा संबंध ०.८ च्या वर निघाला, जिथे १ म्हणजे दोन्ही तंतोतंत एकत्र चालतात आणि ० म्हणजे काही संबंध नाही. त्यांच्या निबंधाच्या नावातच म्हटलंय की रिझनिंग म्हणजे वर्किंग मेमरीपेक्षा फार काही वेगळं नाही, आणि पुढे प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह दोन्ही दिलंय. पत्रकं लिहिणाऱ्यांनी ही दोन चिन्हं तेवढी गाळली.

नंतर हा आकडा खाली आला. २००५ मध्ये फिलिप अॅकरमन आणि सहकाऱ्यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र केले तर संबंध ०.५ च्या जरा खालीच निघाला, त्याच वर्षी दुसऱ्या गटाने वेगळ्या रीतीने हिशोब करून तो ०.७ च्या वर आहे असं दाखवलं, आणि वाद चालू राहिला. आता ०.५ म्हणजे अर्धा असं समजू नका, दोघांतला किती फरक एकमेकांशी जुळतो ते बघायचं तर त्या आकड्याचा वर्ग करतात, म्हणजे ०.५ असेल तर पाव हिस्सा, ०.७ असेल तर साधारण निम्मा. निम्मा धरला तरी उरलेला निम्मा बाहेरच राहतो ना! तो कुठून येतो, तर आधीचं ज्ञान, भाषा, प्रश्न कुठून सोडवायला घ्यायचा याची सवय, असं बरंच काही त्यात असतं.

आणि संबंध का आहे याचं उत्तरही नुसतं ओटा किती मोठा एवढंच नाहीये. रँडल एंगल यांचं म्हणणं असं की खरी गोष्ट लक्ष सांभाळण्याची आहे, म्हणजे मध्येच दुसरं काही घुसू न देणं आणि जुनं निकामी झालेलं वेळेवर बाजूला काढणं. ते ज्या चाचण्या वापरतात त्यात एक छोटं गणित सोडवायचं, मग एक शब्द लक्षात ठेवायचा, परत गणित, परत शब्द, आणि शेवटी सगळे शब्द ओळीने सांगायचे. मी हे लेकीसोबत खेळून बघितलं, चार शब्दांपर्यंत ती आली, मीही पाचाच्या पुढे गेले नाही, दिवसभर ऑफिस करून आल्यावर तर तीनच. तेव्हा मुलांना संध्याकाळी सातनंतर असली गणितं देऊन ओरडू नये हे मला स्वतःवरून समजलं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. दोन गोष्टी एकत्र चालतात, हे मान्य. पण म्हणून एकीची प्रॅक्टिस केली की दुसरी आपोआप वाढते का? पत्रकात ही उडी एका "त्यामुळे" मध्ये मारलेली आहे आणि सगळी फी त्या एका शब्दावर घेतली जाते.

मी घरी एक प्रयोग केला, खूप साधा, तुम्हीही करू शकता. लेकीला एका सेकंदाला एक अशा वेगाने आकडे वाचून दाखवले आणि तिने ओळीने परत म्हणायचे. क्लासच्या आधी मी मोजलं नव्हतं याचं वाईट वाटतं, पण आता ती ९ आकडे म्हणते, चांगल्या दिवशी १०. डोळे मिटून, बोटं हलवत. मग तसेच शब्द घेतले, भाज्यांची नावं, गवार, पडवळ, दोडका, सुरण, घेवडा, तर पाच. कधी सहा. मग अक्षरं घेतली, क, त, म, ल, तीही सहाच. तिच्या मामेभावाने अबॅकस कधी केलेलं नाही, वय तेवढंच, त्याचे आकडे सहा, भाज्या पाच, अक्षरं सहा. म्हणजे आकड्यांत ती कितीतरी पुढे आणि बाकी सगळ्यात त्याच्याच बरोबरीला.

दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहितीये, पण हेच मोठ्या प्रमाणावर आधीच दिसलेलं आहे. जपानमध्ये गियू हातानो आणि केइको ओसावा यांनी १९८३ मध्ये अबॅकसच्या अगदी वरच्या दर्जाच्या उस्तादांना तपासलं, आकडे त्यांच्या भरपूर लक्षात राहायचे, पण अक्षरं आणि फळांची नावं दिली की ते तुमच्या-आमच्यासारखेच. अमेरिकेत विल्यम चेस आणि अँडर्स एरिक्सन यांनी एका कॉलेजच्या मुलाकडून दीड वर्षाहून जास्त काळ सराव करून घेतला, तो ७ आकड्यांवरून ७९ आकड्यांपर्यंत गेला, १९८० ची गोष्ट. तो धावपटू होता, आकड्यांचे गठ्ठे करून शर्यतीची वेळ म्हणून लक्षात ठेवायचा. आणि अक्षरं दिली तर परत साधारण सहावरच. इतक्या सरावानंतर!

याचा अर्थ मला ओट्यावरच लागला. मिसळणाचा डबा असतो ना, मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग अशा सात वाट्या, पण ओट्यावर जागा एका डब्याची. अबॅकस आकड्यांसाठी असाच डबा बनवून देतो, एका दांड्याचं एक चित्र. मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी गुजरातेत मनातल्या पाटीवर गणित करणाऱ्या मुलांना तपासून हेच दाखवलं, की मुलं प्रत्येक दांडा एक वस्तू म्हणून डोळ्यासमोर धरतात आणि असे तीन-चारच दांडे एका वेळी नीट धरले जातात, म्हणजे तो जुना ४ चा आकडा परत आलाच. लेक चार आकडी गणिताला अडखळते तेव्हा मला आता राग येत नाही, तिचा ओटा तिथे भरतो एवढंच. डबा झकास आहे, पण त्यात मोहरीच राहणार, परात त्यात मावत नाही आणि ओटा काही इंचानेसुद्धा वाढलेला नाही. रांगेतल्या गीता-मीना-रमाला त्या डब्यात वाटीच नाहीये.

सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारीच झालाय, वडोदऱ्यात. बार्नर आणि सहकाऱ्यांनी एका शाळेतली दोनशेच्या वर लहान मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना अबॅकस आणि निम्म्यांना तेवढाच जास्तीचा वेळ नेहमीच्या गणिताचा, आणि हे एकदोन महिने नाही, तीन वर्षं चाललं, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. अबॅकसवाली मुलं आकडेमोडीत पुढे गेली. वर्किंग मेमरीसारख्या बाकी बौद्धिक क्षमतांत अबॅकसमुळे वाढ झाल्याचं दिसलं नाही. आणि एक गोष्ट अशी निघाली जी प्रत्येक पालकाने वाचायला हवी: ज्या मुलांची जागेची-चित्राची वर्किंग मेमरी सुरुवातीलाच चांगली होती त्यांनाच अबॅकसचा जास्त फायदा झाला. म्हणजे क्लासच्या स्टेजवर जी चमकणारी मुलं दाखवतात त्यांची वर्किंग मेमरी अबॅकसने मोठी केली असं नसून, ती आधीच मोठी होती म्हणून अबॅकस त्यांना इतकं जमलं, असं असू शकतं. बाण उलट्या बाजूने. आणि ज्याला जमत नाही ते मूल घरी येऊन रडतं, आपण म्हणतो प्रॅक्टिस कमी पडली.

अबॅकस सोडा, खास वर्किंग मेमरीसाठीच बनवलेले कॉम्प्युटरचे खेळ आहेत त्यांचंही हेच झालंय. २००८ मध्ये सुझान येगी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चौकोन आणि अक्षरं मागे जाऊन जुळवायचा एक खेळ काही आठवडे खेळला की न पाहिलेली कोडी सोडवायची क्षमता वाढते, जगभर गाजलं ते. मग २०१३ मध्ये थॉमस रेडिक आणि सहकाऱ्यांनी जास्त काटेकोर तुलना करून बघितली तर तसं काही निघालं नाही, आणि त्याच वर्षी मोनिका मेल्बी-लर्व्हॉग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २३ अभ्यास एकत्र करून सांगितलं की खेळात सुधारणा होते, तीही फार टिकत नाही, बाकीकडे पोचत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये एका मोठ्या ब्रेन ट्रेनिंग कंपनीने असल्याच दाव्यांवरून सरकारी खटल्यात २० लाख डॉलर भरून तडजोड केली. आपल्याकडे पत्रकावर सर्रास काहीही छापतात.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते. क्लासमध्ये लिहून गणित करणं म्हणजे खालची पायरी आणि मनात करणं म्हणजे वरची पायरी, असं मुलांच्या मनावर ठसतं. मॅडम मुद्दाम करत नाहीत, पण लेव्हलच तशा बांधल्यात, पाटी सुटली की बढती. त्याचा परिणाम असा झाला की लेक शाळेतही रफ काम करायची बंद झाली. शाब्दिक उदाहरण आलं की डोळे मिटायची. चौथीच्या पहिल्या घटक चाचणीत तिचे सहा मार्क गेले आणि त्यातल्या एकाही गणितात आकडेमोड चुकली नव्हती, पहिल्या पायरीचं उत्तर दुसऱ्या पायरीपर्यंत पोचेपर्यंत हरवलं होतं. ज्या मुलीचा ओटा भरलेला आहे तिच्याकडून मी शेजारचं टेबलच काढून घेतलं होतं, कारण कागद म्हणजे टेबलच ना. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पैसे देऊन, रोज वीस मिनिटं बसून, तिला तर्काच्या गणितात मागे ढकलत होते.

मॅडमशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पत्रक वरून छापून येतं हे त्यांनी मान्य केलं, आणि पुढच्याच शनिवारी सगळ्या मुलांना सांगितलं की मनातलं गणित इथे, शाळेत आणि स्कॉलरशिपला मात्र पायरी लिहायची. लेकीला माझं पटलं नसतं, मॅडमचं पटलं. त्यानंतर आम्ही घरी बुद्धिमत्ता चाचणीच्या प्रश्नांना एक वही केली. रांग असेल तर रेघ मारायची, नातं असेल तर वंशावळ काढायची, दिशा असेल तर बाण, आणि वाक्य एकेक करून वाचायचं, वाचलेलं कागदावर उतरल्याशिवाय पुढचं वाक्य वाचायचं नाही. तीन महिने झाले. आधी दहापैकी चार-पाच बरोबर यायचे, आता सात-आठ येतात. वर्किंग मेमरी तेवढीच आहे, भाज्या अजून पाचच आठवतात, मी गेल्या आठवड्यातच बघितलं.

इथेच बाबांच्या पावकी-निमकीचंही मला नव्याने पटलं. पाढे पाठ करणं म्हणजे घोकंपट्टी असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले, पण ज्याला सातआठे छप्पन्न माळ्यावरून एका झटक्यात मिळतं त्याच्या ओट्यावर ते करायला जागाच लागत नाही, ती जागा विचाराला मोकळी राहते. अबॅकसचाही खरा फायदा झाला तर तो ह्याच वाटेने होईल असं मला वाटतं, रिझनिंग वाढलं म्हणून नाही तर हिशोबाने अडवलेली जागा सुटली म्हणून. आणि हे पत्रकावर लिहिलं असतं तर मी तेवढ्याच आनंदाने फी भरली असती.

वर्गात ज्या मुलांना तीन सूचना एकदम दिल्या की दुसरीनंतर हरवतात त्यांच्याबद्दलही सांगते, कारण सोसायटीत अशी दोन मुलं आहेत आणि त्यांच्या आया मला विचारत होत्या. इंग्लंडमध्ये सुझन गॅदरकोल आणि ट्रेसी अॅलोवे यांनी शाळांमध्ये जाऊन अशा मुलांचा अभ्यास केला, शिक्षकांना ती लक्ष न देणारी वाटतात पण त्यांच्या डोक्यात सूचना मावलेलीच नसते. त्यांच्यासाठी सुचवलेले उपाय साधे आहेत, सूचना छोटी करा, परत सांगा, फळ्यावर राहू द्या. अशा मुलाला मनातली पाटी शिकवायला घालणं मला तरी योग्य वाटत नाही. त्याला सगळ्यात कठीण जाणारी गोष्टच तिथे बढतीची अट असते. घालायचंच असेल तर पाटी हातात राहू दे असं आधी ठरवून घ्या.

बाकी तक्रारी छोट्या. वर्षातून दोनदा कॉम्पिटिशन असते, पाच मिनिटांत शंभर गणितं, त्याची फी वेगळी, आणि मोठ्या हॉलमध्ये टायमर लावून दोन-तीनशे मुलं एकदम बसवतात. पहिल्या वेळी लेकीचे हात थरथरत होते, येताना स्टेशनपर्यंत गप्प होती. दुसऱ्या वेळी आम्ही नाव दिलं नाही, क्लासने आग्रह केला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. सुट्टी पडली तर तास भरून देतात. पुस्तकांत छपाईच्या चुका आहेत, तिसऱ्या लेव्हलच्या उत्तरांत मी पाच शोधल्या आणि मॅडमना दिल्या.

एकूण माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. शिकवण्याला चार, मॅडमना पाच, पत्रकाला मी स्टार देणार नाही. आकडेमोडीची भीती घालवायची असेल, मूल सहा ते नऊ वर्षांचं असेल, रोज वीस मिनिटं कोणी सोबत बसणार असेल तर नक्की घाला. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीसाठी घालत असाल तर ते ३,६०० रुपये वाचवा, जुन्या प्रश्नपत्रिका आणि एक दोनशे पानी वही आणा. आम्ही सहावी लेव्हल पूर्ण करणार, कारण तिला आवडतंय आणि तिची मैत्रीण तिथे आहे, सातवीचं मार्चमध्ये तिलाच विचारून ठरवू.

नवीन बॅच जानेवारीत सुरू होते, शनिवारी चारची घ्या, सहाच्या बॅचला मुलं दमलेली असतात. खाली पार्किंग नाही. डेमो तास फुकट असतो, मुलाला घेऊन जा, आणि मॅडमना एवढं नक्की विचारा की शाळेत रफ काम करायला तुम्ही मुलांना सांगता ना.